डाव्या हाताचा घास

या, असे पुढं सरकून बसा. प्रेमाची गोष्ट सांगतो. लाजू नका, प्रेम नसतं तर देवालाही कुणी हाक मारली नसती.

एका गुरुवारी दुपारी ती जपानी हॉटेलात शिरली. घड्याळं दुरुस्त करणारी पोरगी, पोटात कावळे ओरडत होते, आणि टेबलं सगळी भरलेली! मिळालं ते सुशीच्या काउंटरवरचं कोपऱ्यातलं स्टूल. पलीकडे सुशीवाला. त्यानं भाताचा इवलासा मुटका वळला, वर माशाचा पातळ काप बसवला आणि तिच्यापुढं ठेवला. जरासा तिरका, उजव्या हाताला सोपा जाईल असा. तिनं कोपर वाकडं करून तो डाव्या हातानं उचलला.

दुसरा घास आला... तो उलट्या बाजूला तिरका.

तिनं चमकून वर पाहिलं. तो सुरी पुसत होता.

“मुद्दाम?”

“आधी हात बघायचा, मग घास ठेवायचा. आमचं कामच आहे.”

“फक्त हातच बघता?”

“पहिल्या दिवशी... हो.”

झालं! जन्मभर जिला ‘तो हात नको’ एवढंच ऐकायला मिळालं, तिच्यासाठी कुणीतरी घास वळवला होता. मग एकही गुरुवार चुकेना. चार महिन्यांनी त्यानं विचारलं, “बाकीचे सहा दिवसही याल?”

ती लाल झाली. “आत्या हो म्हणाली तर. आईमागं तिनंच वाढवलंय मला. तिचं मन मोडून नाही जमायचं...”

पुढच्या गुरुवारी आत्या हजर.

“कच्चा मासा खायला मी काय मांजर आहे?” बसता बसताच आत्यानं तोफ डागली. मग भाचीकडे वळून, “आणि तू, उजवा हात! चारचौघांत तरी.”

पोरीनं डावा हात मांडीवर लपवला. सुशीवाल्याचा चेहरा उतरला. आता काय बोलावं? बोललं तर आत्या दुखावणार, गप्प राहिलं तर ही.

इतक्यात आत्याच्या पदराचा धक्का लागला, चहाचा पेला कलंडला, आणि तो पडायच्या आत आत्यानं अलगद झेलला.

डाव्या हातानं.

सुशीवाल्यानं ते टिपलं. त्यानं काकडीचा घास वळला, आत्यापुढं ठेवला.

“उलटा ठेवलास रे.”

“उचलून तर बघा, आत्या.”

आत्या त्या घासाकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिचा डावा हात पुढं आला, हळूच, चोरासारखा. घास तोंडात गेला नि डोळे भरून आले.

“सात वर्षांची होते,” ती म्हणाली, “बाईंनी रूळ मारमारून सोडवला हा हात. मला वाटलं, विसरलाय तो.” मग भाचीचा लपवलेला हात तिनं ओढून काउंटरवर ठेवला. “आणि मी तुझ्याशी तेच केलं गं... खा. हव्या त्या हातानं खा.”

“आत्या, मग... आमचं?”

“आमचं काय विचारतेस? मला अजून एक दे म्हणावं त्याला. जावयाला सांगायला लाजतेस होय!”

सुशीवाल्याच्या हातून भात सांडला. चार महिन्यांत पहिल्यांदा.

तर मायबापहो, उद्या कुणाच्या पुढ्यात घास ठेवाल, तेव्हा क्षणभर थांबा, त्याचा हात बघा... आणि पन्नास वर्षांनी आपल्या हातानं जेवलेल्या त्या आत्याची आठवण ठेवा.