एकोणीस नंबरचा बिल्ला

सप्टेंबर उजाडला की ब्लँचर्ड तलावावरची उन्हाळी माणसं तंबू गुंडाळून, मोटारघरं हाकत आपापल्या गावी जातात. मागे उरतात विझलेल्या चुली, एखादी विसरलेली चप्पल आणि ऑर्विल थॉरसन.

ऑर्विल त्या काठाचा 'यजमान' होता. हुद्दा यजमानाचा असला तरी काम बरंचसं झाडूवाल्याचं. तो आणि त्याची बायको मर्ना दर मे महिन्यात आपला ट्रेलर घेऊन यायचे आणि थंडी पडेपर्यंत राहायचे. चुलींतली राख काढायची, सरपण विकायचं, रात्री गिटार वाजवणाऱ्यांना गोड बोलून गप्प करायचं. आणि संध्याकाळी सहा वाजता फळा बघायचा.

त्या शनिवारी तो साडेपाचलाच पिशवी घेऊन निघाला. मोसम संपला होता. फळ्यावरचे बिल्ले उतरवून ठेवायचे होते.

फळा पाण्याजवळच होता. त्यावर खिळ्यांच्या ओळी आणि खिळ्यांना पत्र्याचे गोल बिल्ले, प्रत्येक जागेच्या नंबरचे, माणशी एक. एक बाजू पांढरी, एक लाल. पाण्यात उतरताना आपला बिल्ला लाल करायचा, बाहेर आलं की पांढरा. सहाला एक जरी लाल दिसला तरी यजमानाने भोंगा वाजवायचा. मग असेल नसेल ते माणूस काठावर धावायचं, सगळे हातात हात धरून साखळी करायचे आणि पायांनी तळ चाचपत छातीभर पाण्यापर्यंत जायचे. फळ्याखाली ठळक अक्षरांत रंगवलेलं होतं: 'आपला बिल्ला आपणच उलटवावा.'

ती अक्षरं ऑर्विलनेच रंगवली होती. नियमही त्यानेच मोडला होता.

नऊ वर्षं झाली त्याला. त्या उन्हाळ्यात सहा वेळा भोंगा वाजला आणि सहाही वेळा विसरभोळं पोर तंबूत सॉसेज खाताना सापडलं. अर्ध्या जेवणावरून उठून ओली झालेली माणसं ऑर्विलकडे अशी बघू लागली, जणू तलाव त्यानेच खणला होता. सातव्या वेळी एकोणीस नंबरचा बिल्ला लाल दिसला. एकोणीसच्या तंबूतून पोरींचं हसणं स्पष्ट ऐकू येत होतं. इकडे मर्नाच्या तव्यावर मासे परतत होते. ऑर्विलने एका बोटाने बिल्ला उलटवला आणि तो जेवायला गेला.

एकोणीसमधली आठ वर्षांची बेथ लिंडक्विस्ट दुसऱ्या दिवशी सकाळी लव्हाळ्यांत सापडली. सहाला फळा पांढरा होता, म्हणजे पोर नंतर कधीतरी आईची नजर चुकवून पाण्यात गेली, असा चौकशीचा निकाल लागला. "माझंच लक्ष नव्हतं..." आई सगळ्यांसमोर म्हणाली. ऑर्विलने तिला कॉफी आणून दिली. साखर किती, तेही विचारलं. बाकी काही बोलला नाही. मर्नालाही नाही.

एकोणीसचे बिल्ले त्याने स्वतः तलावात फेकले होते. तलावाच्या कार्यालयाने त्या जागेचा नंबर बदलून 'अठरा-अ' केला होता.

आणि आता फळ्यावर एकोणीसचा बिल्ला लटकत होता. लाल. त्यातून पाणी ठिबकत होतं.

वारा नव्हता. तलाव शिळ्या चहासारखा निपचित पडला होता आणि तळाच्या चिखलाचा वास काठावर चढून आला होता. ऑर्विलने चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मग तो अठरा-अकडे गेला.

तिथे डॅरेल प्रुइट नावाचा गृहस्थ घडीच्या खुर्चीत बसून चुलीवर कणसं भाजत होता.

"तुमची मुलगी कुठंय?" ऑर्विलने विचारलं.

"जोसी? तंबूत. का हो आजोबा, चुलींबरोबर पोरंही मोजायला लागलात की काय?"

तंबूत कंदिलाचा पिवळा उजेड होता. आतून हसण्याचा आवाज आला. एकीचा नव्हे, दोघींचा.

"तुम्हाला... दोन मुली?"

"एकच आहे, आणि तेवढी पुरे आहे! तिला काल इथेच एक मैत्रीण मिळालीय. भारी लाजाळू आहे ती पोरगी. कधी बघावं तर केस ओले."

तलावावर त्या दिवशी मोजून तीन मुक्काम होते. यजमान आणि मर्ना, मोटारघरातलं एक म्हातारं जोडपं, आणि हे प्रुइट नवरा-बायको नि त्यांची मुलगी. लहान मूल सगळ्यांत मिळून एक.

"जरा... तंबू उघडून बघता?"

"ऐकू येतंय ना हसणं? कपडे बदलत असतील. कणीस घ्या, आजोबा."

ऑर्विल फळ्याशी परत आला. भोंगा वाजवला आणि पोर तंबूतच निघालं, तर? तलावाच्या कार्यालयातल्या रेंजरबाईने गेल्याच आठवड्यात विचारलं होतं, "यंदा दमलेले दिसता, पुढच्या वर्षी जमेल ना?" त्याचं बोट बिल्ल्याकडे गेलं. नऊ वर्षांपूर्वी गेलं होतं तसंच, सवयीने. पत्रा बर्फासारखा लागला.

मागे तंबूतलं हसणं एकदम थांबलं. जणू कोणी कान देऊन ऐकत होतं.

ऑर्विलने भोंगा वाजवला.

मर्ना हात पुसत धावत आली. "म्हाताऱ्या, या थंडीत कोण पोहतंय? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

तेवढ्यात अठरा-अमधून जोसीच्या आईची किंकाळी आली. तंबू रिकामा होता. कंदील जळत होता. पांघरूण चिंब ओलं होतं.

सहा जणांनी रिवाजाप्रमाणे आपापले बिल्ले लाल केले आणि साखळी धरली. ऑर्विल टोकाला होता. डाव्या हातात मर्नाचा हात, उजवा हात मोकळा. पाणी कमरेला लागलं. धुकं उतरत होतं. "जोसी... जोसी..." डॅरेलचा आवाज फुटत होता.

मग ऑर्विलच्या मोकळ्या हातात कोणीतरी हात दिला. इवलासा, गार.

त्याने मान वळवली नाही. हात ओढेल तिकडे तो गेला, त्याच्यामागे सगळी साखळी गेली. लव्हाळ्यांत जोसी हनुवटीपर्यंत पाण्यात उभी होती. ओठ निळे, डोळे उघडे. जिवंत.

काठावर तिला घोंगडीत गुंडाळलं, तेव्हा ती दात वाजवत म्हणाली, "ती म्हणाली, आपण गंमत बघू... आजोबा या वेळी बिल्ला उलटवतात का ते..."

"कोण म्हणाली गं?" मर्नाने विचारलं. "आणि 'या वेळी' म्हणजे काय?"

सगळे ऑर्विलकडे बघू लागले. बोलायचं असतं, तर ती वेळ होती. नऊ वर्षांत अशी आली नव्हती.

"थंडीने बरळतेय पोर," ऑर्विल म्हणाला.

सगळ्यांनी बिल्ले पांढरे केले. ऑर्विलनेही आपला केला, एक नंबरचा. एकोणीसचा खिळा आता रिकामा होता. भोंगा ऐकून रेंजरबाई धावत आली, तिने त्याची पाठ थोपटली. "पुढच्या वर्षीही फळा तुमच्याच ताब्यात, बरं का!" डॅरेल तर त्याचे हात सोडेना. ऑर्विलने दोन्ही गोष्टी मुकाट्याने घेतल्या.

सकाळी तो बिल्ले उतरवायला गेला. सगळे पांढरे होते, त्याचा एक नंबरचा सोडून. तो लाल होता, आणि ओला. ऑर्विलने तो उलटवला, पुसला, पिशवीत घातला. घरी पोचल्यावर तळघरात पिशवी उघडली, तेव्हा बाकीचे बिल्ले कोरडे होते. तो एक लाल आणि ओला.

आता तो रोज संध्याकाळी तळघरात जाऊन बिल्ला पांढरा करून येतो. लिंडक्विस्टबाईंना लिहायला घेतलेल्या पत्रात अजून फक्त तारीख पडली आहे.

काल सहाच्या सुमारास मर्नाने ताट वाढलं आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"एक विचारू, ऑर्विल?"

"काय?"

"आठवडाभर बघतेय मी... तू रोज जेवायला केस ओले करून का येतोस?"

ऑर्विलने डोक्याला हात लावला. बोटांना चिखलाचा वास आला.