मधली जागा

ज्योतीरामला माणसांचा तिटकारा होता असं मुळीच नाही. पण माणसं किती असावीत याला काही धरबंध? चिंचवड गावठाणातल्या एका खोलीत कारखान्यातले बार्शीकडचे सगळे गडी दाटीवाटीनं राहायचे. शिफ्टा तीन, अंथरुणं कमी. एक उठला की त्याच्या गरम वाकळेत दुसरा शिरायचा. कुणी घोरतंय, कुणी विडी ओढतंय, कुणी गावाकडचं जुनं भांडण नव्यानं भांडतंय. दिवसभर लेथची घरघर ऐकून आलेल्या माणसानं टेकावं कुठं? म्हणून सुट्टीच्या दिवशी तो सायकल काढायचा आणि एकटाच वाट फुटेल तिकडं जायचा. आधी पवनेच्या घाटापर्यंत, मग चिखलीच्या शिवारापर्यंत, मग इंद्रायणी ओलांडून पलीकडं.

खोलीतल्यांना ते पटेना. "एकटा जातोस, एकटा येतोस. तिथं करतोस तरी काय?" एकानं तर कुठंतरी बाई ठेवली असणार असंही बोलून दाखवलं. त्यांची तोंडं बंद करायला म्हणून ज्योतीरामनं पुण्याच्या जुन्या बाजारातून डब्बा कॅमेरा आणला. पोटाशी धरायचा, वरच्या काचेत वाकून बघायचं आणि खटका दाबायचा. "ही बघा नदी. हा बघा माळ. दिसते का कुठं बाई?"

लोकांची तोंडं बंद झाली, पण तोवर ज्योतीरामच नादाला लागला होता. पहिल्यांदा तो जायचा म्हणून फोटो काढायचा. पुढं फोटो काढायचा म्हणून जायला लागला. आणि मग एक हट्टच धरला त्यानं. जिथं आपण याआधी गेलो नाही तिथंच जायचं, आणि फोटोत माणूस येऊ द्यायचा नाही. आठवडाभर माणसांत कोंबलेल्या गड्याला तेवढंच काय ते स्वतःचं होतं.

फोटो धुवायचे स्टेशनरोडवरच्या मारुतरावांकडं. त्यांचा स्टुडिओ म्हणजे एक पडदा, एक खुर्ची आणि मागं अंधारी खोली. पहिल्या रोळाचे फोटो त्यांनी टेबलावर मांडले आणि हसायलाच लागले.

"अहो, माणूस नको म्हणता आणि स्वतःच प्रत्येक फोटोत येता की."

खरंच. सूर्य पाठीशी घ्यायचा एवढं कुणीतरी शिकवलेलं, तेवढंच धरून बसलेला हा. त्यामुळं फोटोच्या खालच्या कडेला दरवेळी त्याची सावली. टोपी घातलेली, वाकलेली, उजवं कोपर बाहेर काढलेली. लहानपणी झाडावरून पडल्यापासून ते कोपर तसंच राहिलं होतं.

"आणि फिल्म सरकवायला विसरता ते वेगळंच," मारुतराव म्हणाले. "दोन दोन फोटो एकावर एक. मागच्या तांबड्या खिडकीत आकडा बघायचा, मग खटका दाबायचा."

आकडा बघायचं त्याच्या अंगवळणी काही पडलं नाही. पण त्या सावलीच्या मात्र तो हात धुवून मागं लागला. बाजूला सरून बघितलं, बसून बघितलं, उन्हं डोक्यावर येईपर्यंत थांबून बघितलं. उन्हाळा संपता संपता त्याला ते जमलं. रोळच्या रोळ स्वच्छ आले. मारुतरावांनीसुद्धा मान डोलावली. "घालवलीत बुवा एकदाची."

कटकटीला सुरुवात झाली ती त्यानंतर.

चिखलीच्या पलीकडं एका मळ्यात तो पहिल्यांदाच गेला होता. विहिरीवर शालनबाई नावाची बाई धुणं धूत होती. ह्याला बघितल्या बघितल्या ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"माज्या म्हशीचा फोटू कुटं हाय?"

"बाई, मी आजच येतोय इथं."

"आता गं बया. ह्योच डब्बा, आसाच वाकून बगत हुतास. बोलला न्हाईस काय, नुस्ती मान हलवलीस." तिनं त्याला खालून वर न्याहाळलं. "तवा मातर लईच काळा पडला हुतास. आता उजाळलास."

ज्योतीराम हसला. असेल कुणी दुसरा फोटोवाला. पण पुढच्या सुट्टीला मोशीकडच्या वस्तीवर तेच. मग चाकणच्या किल्ल्यामागं तेच. जिथं जावं तिथं हा आधीच येऊन गेलेला. कुणाच्या बैलांचा फोटो काढलेला, कुणाच्या नव्या सुनेचा, आणि दिलेला एकही नाही. तोंड कुणी नीट बघितलं नव्हतं, कारण तो मान वर करायचाच नाही. पण कोपर सगळ्यांच्या लक्षात होतं.

संताप संताप व्हायचा त्याचा. पाप कुणाचं आणि ताप कुणाला! चाकणच्या बाजारात एका कांदेवाल्यानं चारचौघांत त्याला 'फसव्या फोटोवाला' म्हटलं, तेव्हा तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. फसवणुकीचं नाव लागलं एवढंच नव्हतं ते. नवी जागाच उरली नव्हती त्याला. जीव तोडून सायकल मारायची आणि पोचायचं ते कुणाच्या तरी मागून, शिळ्या जागेवर.

शेवटी त्यानं ठरवलं की कुठं जायचं ते ठरवायचंच नाही. चाकण मागं टाकलं आणि जिथं फाटा फुटला तिथं डोळे मिटून हँडल वळवलं. पुढं पुन्हा तसंच. दुपार कलल्यावर भामा नदीच्या अलीकडं एका टेकाडाआड वाडी लागली. चार घरं. नावही त्याला ठाऊक नव्हतं. ऊर भरून आला त्याचा. ही तरी आपली.

टेकाडाला वळसा घालून तो उतरला.

एका घरापुढं वाडीतली सगळी माणसं भिंतीला पाठ लावून ओळीनं बसली होती. धुतलेली लुगडी, डोक्याला फेटे. तोंडं पश्चिमेला, उन्हाकडं. मध्ये एका माणसाची जागा रिकामी.

"या," फेटेवाल्यांतला एक उठून म्हणाला. धर्माजी त्याचं नाव. "सकाळधरनं वाट बगतोय."

"मी येणार हे कुणी सांगितलं?"

"तुमीच की. मागल्या खेपेला खूण केली व्हती. मदी जागा ठिवा म्हनून."

"मी आलो नव्हतो." ज्योतीरामचा आवाज चिरका झाला. "मी कुठंच आलो नव्हतो!"

धर्माजी रिकाम्या जागेच्या एका अंगाला परत जाऊन बसला. दुसऱ्या अंगाहून त्याची म्हातारी आई, सगुणाबाई, बोलली. "बस की बाबा. माजा धनी फोटू न काडताच गेला. आता त्याचं तोंडबी आठवत न्हाई मला. माजं तरी पोरांना दिसू दे."

ज्योतीरामनं कॅमेरा समोर सोडलेल्या बैलगाडीवर ठेवला, रोख धरला आणि वरच्या काचेत बघितलं. ओळ नेमकी चौकटीत बसली होती. खटका आपणच दाबू म्हणून तो थांबला, पण म्हातारी शेजारची जागा थोपटत होती. घटकाभर बसावं, तिचं मन राखावं, मग उठून फोटो काढावा. तो जाऊन मध्ये बसला.

ऊन डोळ्यांवर येत होतं. सगळ्यांनी एकदम पाठी ताठ केल्या.

"बोलू नगा," धर्माजी पुटपुटला.

गाडीपाशी कुणी नव्हतं.

खटका वाजला.

ज्योतीराम उठला. त्यानं कॅमेरा उचलला आणि तांबड्या खिडकीत बघितलं.

आकडा पुढं सरकलेला होता. फिल्म न विसरता सरकवलेली होती.

"झालं न्हवं?" सगुणाबाई म्हणाली. "दे हां मातर आठवणीनं."

पुढच्या सुट्टीला सकाळी मारुतरावांनी फोटो त्याच्या हातात दिला. "छान आलाय. म्हातारी तर काय बसलीय! कुणी काढला हो?"

ज्योतीराम बघत राहिला. ओळीत मध्ये तो स्वतः, धर्माजी आणि सगुणाबाईच्या मध्ये, डोळे बारीक केलेला. खालच्या कडेला मातीवर एक सावली. टोपी घातलेली, वाकलेली, उजवं कोपर बाहेर.

"आणि ही पुन्हा आली बघा तुमची," मारुतराव म्हणाले.

मागच्या भिंतीवर सगळ्यांच्या सावल्या ओळीनं पडल्या होत्या. धर्माजीची पडली होती, सगुणाबाईची पडली होती. त्या दोघांच्या मध्ये नुसतं ऊन होतं.

त्यानं फोटो खिशात घातला. म्हातारीनं आठवणीनं दे म्हणून सांगितलं होतं, निदान हा एक फोटो तरी पोचायला हवा होता. तो बाहेर आला, सायकलवर बसला आणि चाकणच्या दिशेनं निघाला. खाली बघायचं नाही असं त्यानं मनाशी घोकलं होतं. गावाबाहेर मोकळा रस्ता लागला तेव्हा मात्र नजर गेलीच.

कोवळ्या उन्हात सायकलची लांब सावली रस्त्याच्या कडेनं बरोबर चालली होती. चाकं फिरत होती, पायडल वरखाली होत होतं. सीटवर कुणी नव्हतं.