अनुसयेची जबानी

सेनगावातल्या घरी त्या दुपारी आम्ही तिघंच होतो: मी, माझी सात वर्षांची पूनम आणि आई. आई अंगणातल्या सावलीत तुरीची डाळ पाखडत होती. पूनम माझ्या शेजारी गोधडीवर झोपली होती. मी लॅपटॉपवर जुन्या कागदांची छायाचित्रं वाचत होतो. निजामाच्या राज्यातल्या एका बड्या घरातून सोडवलेल्या बटकींच्या, म्हणजे विकत घेतलेल्या बायकामुलींच्या जबान्या होत्या त्या. मोडी लिपीत शब्द एकमेकांना चिकटलेले असतात. मोठ्यानं वाचल्याशिवाय मला ते सुटत नाहीत. ती खोडच मला नडली.

"नाव अनुसया. वय अजमासे सात. आईबाप ठाऊक नाहीत. धनीण हाक मारील तेव्हा जी म्हणून हजर व्हावे. जा म्हटल्यावाचून हलू नये..."

"जी," स्वयंपाकघरातून आवाज आला.

शेजारची पोरगी शिरली असेल, चेष्टा करते आहे, असं वाटलं. मीही हसत हाक मारली, "अनुसये!"

"जी..."

आता आवाज आतल्या दारातून आला. दारात कोणीच नव्हतं.

शिळ्या राखेचा वास आला. कुणीतरी हळूहळू श्वास घेत होतं, जागचं हलत नव्हतं. हुकमाची वाट बघत होतं. आणि त्या श्वासापासून हातभर अंतरावर माझी पूनम झोपली होती.

आई सूप घेऊन आत आली. "काहून रे सोमेश्वर? कोनाला हाका मारून राहिला?"

मी कसंबसं सांगितलं. आईनं सूप खाली ठेवलं.

"बोलावलं तू, तर जा बी तूच म्हन. लवकर म्हन. लेकरू हाय घरात..."

मी हात जोडले. "जा बाई. तू मोकळी आहेस."

पूनम उठून बसली. माझ्याकडे न बघता उठली आणि अनवाणी रस्त्यावर गेली. मी धावत जाऊन तिला उचललं, घट्ट छातीशी धरलं. तिच्या केसांना राखेचा वास येत होता.

"पूनम! पूनम, बाळा..."

तिनं भेदरून माझ्याकडे पाहिलं. माझी ओळखच नव्हती तिच्या डोळ्यांत.

"परत नका नेऊ जी," ती म्हणाली.

तेवढ्यात घरातून, गोधडीच्या बाजूनं, माझ्या पूनमचा झोपाळलेला आवाज आला.

"बाबा... तुमी कोनाला उचललं?"