न गुंडाळलेलं रीळ

तेजस्वी चार दिवस मागे लागली आहे, म्हणून लिहितोय. चौथी नापास माणसाला लिहायला बसवायचं आणि वर त्याचं शुद्धलेखन तपासायचं, ही आताच्या पोरींची तऱ्हा. वाचायचं तर वाचा.

या तेजस्वीच्या काजूच्या मांगरात, म्हणजे काजू फोडायच्या शेडीत, रविवारी दुपारी जेवणं झाली की आम्ही पाच-सहा जण पिक्चर बघायला जमायचो. सगळे भुताटकीचे. प्रत्येकाने एक सुचवायचा. ती कोरियातले सांगायची. मंगेश, माझा शाळेपासूनचा दोस्त, भिकारातले भिकार शोधून आणायचा. "राक्षसाच्या पाठीची चेन दिसता रे, बघच तू," म्हणायचा आणि आधी स्वतःच हसायचा.

मी तरुणपणी तंबू टॉकीजची मशीन चालवायचो. मी सुचवलेला पिक्चर कोणाला फोनवर सापडेना. त्यात दिवेलागणीला एक बाई खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, झाडते. पाठमोरी. झाडत झाडत उलट्या पावलांनी आपल्याकडे येते. तिन्हीसांजेला केर कोण काढतं? तंबूतली माणसं उठून जायची.

"असो पिक्चरच नाय," मंगेश सगळ्यांसमोर म्हणाला. "म्हातारो फेकता."

माझ्याकडे त्याचं शेवटचं रीळ होतं. पुढच्या रविवारी जुनी मशीन नेली आणि लावलं. मांगरात टरफलांचा उग्र वास, मशीनची टरटर. बाई झाडत आली. इतकी जवळ, की पडद्यावर नुसतं लुगडं उरलं. मग पांढरं.

मंगेश उठला. "ह्या तूच शूटिंग करून आणलंस, मेल्या. खोटारडो तो खोटारडोच."

माझं डोकं फिरलं. मशीन तशीच टाकून घरी आलो. रीळ उलटं गुंडाळलं नाही. आमच्या धंद्यात हे चालत नाही. मला मशीन शिकवणारा उस्ताद सांगायचा, भुताचा खेळ संपला की आधी रीळ गुंडाळ, मग विडी पेटव. बाहेर आलेलं परत आत गेलं पाहिजे. मशीन हातात होती तोवर मी एकदाही चुकलो नव्हतो. मंगेशालाही हे ठाऊक होतं, मीच सांगितलेलं.

दिवा लावायच्या वेळेला त्याचा फोन आला. आवाज बारीक.

"सत्यवाना... रीळ गुंडाळलंस?"

"कित्याक?"

"माझ्या खळ्यात कोणतरी झाडता... नुसती पाठ दिसता."

त्याच्या मागे सर्र... सर्र... चाललेलं मला ऐकू येत होतं. मला कळलं. तरी म्हटलं, "आधी म्हण, चुकलंय."

फोनवर नुसतं सर्र... सर्र...

"येतलंस मा रे?"

"चुकलंय म्हण, मगे बघतंय."

फोन बंद झाला. मांगर माझ्या घरापासून पाच मिनिटांवर. मी जेवलो आणि झोपलो.

सकाळी तो खळ्यात पडलेला मिळाला. घरात एकटाच राहायचा, दूधवालीने पाहिलं. डॉक्टर म्हणाले, हृदय. वाडीतली सगळी खळी फणसाच्या पानांनी भरलेली, त्याचं लख्ख. त्याला उचललं तर अंगाखालच्या मातीवरही झाडूचे ताजे ओरखडे.

मी तसाच मांगरात जाऊन रीळ गुंडाळलं. उशिरा गुंडाळलं तर आत कोण जातं आणि बाहेर कोण राहतं, हे उस्तादाने सांगितलं नव्हतं.

आता रोज दिवा लावला की माझं खळं कोणीतरी झाडतं. बाईचा हात नाही. केर काढायची सवय नसलेल्याचा आहे. मधेच थांबतो, खाकरतो. ते खाकरणं मी साठ वर्षं ऐकलंय.

मी दाराच्या आतूनच बोलतो. "बाबा, माझा चुकला. माका तेव्हाच येवक होया होता."

झाडणं थांबतं. मी कान लावून बसतो. पलीकडे कोणीतरी श्वास घेतं, बोलायच्या आधी घेतो तसा. मग परत सर्र... कालच्यापेक्षा एक हात दाराजवळ.

माझ्याकडून माफी मागून झाली. 'चुकलंय' म्हणायचा राहिलाय तो मंगेश.