चौदा पावलांचा व्हरांडा

आमच्या घराचा मागचा व्हरांडा एकवीस फूट लांब आहे. एका टोकाला बैठकीच्या खोलीचं दार, दुसऱ्या टोकाला नऊ इंची विटांची भिंत, थेट छतापर्यंत. अंगणाकडच्या बाजूनं माकडं येऊ नयेत म्हणून लोखंडी जाळी ठोकलेली आहे, तिला दार नाही. बाबा ओव्हरसियर होते. ही भिंत त्यांनी स्वतः ओळंबा धरून बांधून घेतली. मी सुनीती, इथंच मध्य प्रदेशात, बालाघाटला मुलींच्या एका शाळेत गणित शिकवते. मोजमापात माझी सहसा चूक होत नाही. हे आधी सांगते, कारण माझ्या धाकट्या बहिणीबद्दल, देवश्रीबद्दल, सरकारी कागदावर 'घरातून पळून गेली' असं लिहिलेलं आहे आणि गावानं ते खरं मानलं आहे.

देवश्री चार फूट आठ इंच होती. एका छापखान्यात ती कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवायची. खुर्चीवर बसली की पाय जमिनीला टेकायचे नाहीत, म्हणून तिनं खाली कोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवला होता. लोकांनी हातानं लिहून दिलेल्या मजकुरातल्या गमती ती जेवताना सांगायची आणि आमच्याआधी स्वतःच हसायची. उंचीची तक्रार तिनं कधी केली नाही. तक्रार बाकीच्यांची होती.

२००३च्या फेब्रुवारीत मलाजखंडच्या एका इंजिनिअरचं स्थळ आलं. मुलाचं नाव रजत. त्याची आई, साधनाबाई, चहा पिऊन झाल्यावर बाबांना म्हणाली, "मुलगी गुणाची हाय हो. तीन इंच जास्त असती तं आम्ही दुसरा विचारच केला नसता."

नकार द्यायची ती एक सभ्य रीत होती. बाबांनी त्यातला फक्त आकडा ऐकला.

त्यांच्या मित्राचा मुलगा केदार रशियात डॉक्टरकी शिकत होता. त्याच्याकडून कळलं की तिकडे एका गावात पायांची हाडं कापून लांब करतात. अपघातात पाय आखूड झालेल्यांसाठी, जन्मतः व्यंग असलेल्यांसाठी ती विद्या होती. आता चांगली धडधाकट माणसंही जाऊ लागली होती, नुसतं उंच व्हायला. बाबांनी लामत्याचं शेत विकलं.

"चांगल्या पोरीचे पाय तोडून आणणार तुम्ही?" मी त्यांना विचारलं.

"तुले काय समजते? तिच्या भल्यासाठीच करून राह्यलो ना. मी गेल्यावर कोण पाहीन तिले?"

देवश्री तिथंच बसून शेंगा सोलत होती. "जाऊ दे ना ताई," ती म्हणाली, "तीन इंचच तं हायेत."

मी एकदा बोलले. एकदाच. बाबांवर माझा जेवढा राग आहे, तेवढाच या 'एकदाच'वर आहे.

ऑगस्टमध्ये बाबा तिला घेऊन गेले. दोन्ही नडग्यांची हाडं कापून पायांभोवती पोलादी कडी बसवली. महिन्याभरात व्हिसा संपला म्हणून बाबा परत आले. पुढचे सात महिने ती तिथं एकटी होती. तिची पत्रं यायची. कड्यांचे नट दिवसातून चार वेळा फिरवायचे, दर वेळी पाव मिलिमीटर. हाडाची टोकं एकमेकांपासून सरकतात आणि मधल्या पोकळीत नवं हाड धरतं. 'तांदळाचा दाणा आडवा धर ताई, रोज त्याहूनही कमी,' तिनं लिहिलं होतं, 'पण सारा जीव तेवढ्यातच अडकून राहते.'

वॉर्डात क्लावा नावाची एक म्हातारी आया होती, सकाळी दारातल्या बर्फावर वाळू टाकणारी. ती देवश्रीला 'मालिनकाया' म्हणायची. केदारनं फोनवर अर्थ सांगितला : छोटी. 'मले राग यायले पाहिजे ना? पण नाही आला. ती म्हणते तं आपलं नावच घेतल्यासारखं वाटते.'

कडी निघाल्यावर डॉक्टरांनी तिला वॉर्डाबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं. चाळीस पावलं जायचं, खिडकीपाशी वळायचं, चाळीस पावलं यायचं. घरी गेल्यावरही हे रोज करायचं, असं बजावून तिला सोडलं.

एप्रिलमध्ये ती आली. गोंदिया स्टेशनवर ती डब्यातून उतरली तेव्हा मी तिला न ओळखता तिच्या मागच्या बाईकडे पाहत होते. चार फूट अकरा इंच, हातात काठी. तिला मांडी घालता येत नव्हती. पायरी चढताना ओठ दाताखाली धरायची. पळायला तर डॉक्टरांनी दोन वर्षं मनाई केली होती. शेजारणी यायच्या, तिला उभी करून वरपासून खालपर्यंत बघायच्या, "बढिया दिसते आता," म्हणायच्या, जसा काही आम्ही नवीन कूलर आणला होता. ती उभी राहायची. बसू का, असं विचारायची.

दुपारी तीनला ती व्हरांड्यात चालायची. तेव्हा मी बैठकीत नववीचे पेपर तपासत असे. काठीची टक, मग पाऊल. टक, पाऊल. आठवडाभर मी तो आवाज ऐकला आणि लक्ष दिलं नाही. मग एका दुपारी, पेपरावरचे गुण जोडता जोडता, माझ्या लक्षात आलं की ती अजून वळलेली नाही. मी सहज मोजू लागले. माझं मोजणं उशिरा सुरू झालं होतं, तरी सव्वीस आले. मग थांबणं. मग परतीची पावलं, तीही तशीच लांबलचक.

देवश्रीचं पाऊल दीड फुटाचं पडत होतं. एकवीस फुटांत चौदा.

दुसऱ्या दिवशी मी दारात उभी राहिले. ती भिंतीपर्यंत गेली, वळली, परत आली. चौदा. पुन्हा चौदा. मी आत येऊन पाठमोरी बसले. या वेळी पहिल्या पावलापासून मोजलं.

चाळीस.

पाऊल लहान पडत असेल, म्हणून मी खडूनं फरशीवर दीड-दीड फुटांच्या रेघा मारल्या आणि तिला सांगितलं, "मोठ्यानं मोज. रेघेवरच पाय दे." आत येऊन बसले. तिचा आवाज स्पष्ट येत होता. बारा, तेरा, चौदा. पंधरा. विसाच्या पुढं तो दूर जाऊ लागला. तिसाला तो घुमत होता. आमच्या व्हरांड्यात आवाज घुमत नाही, एक बाजू उघडी आहे. चाळीस म्हणाली ते मला जेमतेम ऐकू आलं. मग तिथं दुसरं कुणी तरी काही बोललं. बाईचा आवाज, म्हातारा, मऊ. आणि देवश्री हसली. आल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती.

मी उठून दारात गेले तेव्हा ती भिंतीला पाठ करून माझ्याकडेच येत होती.

"कोणाशी बोलत होतीस?"

"कोणाशी नाही."

"किती पावलं झाली?"

"चाळीस."

"देवश्री, व्हरांडा चौदा पावलांचा आहे."

"हौ," ती म्हणाली. माझी समजूत काढावी तसं म्हणाली. "पण मले चाळीसच चालायले सांगितलंय ना ताई."

मी तिची काठी घेतली. तिच्या टोकाच्या रबरी टोपीला ओली वाळू लागली होती आणि वाळूत बारीक, मळकट, काचेसारखे कण होते. मी एक बोटावर घेतला. तो गार होता, बर्फासारखा विरघळला. बाहेर बेचाळीस डिग्री होतं.

मी बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "चालून राह्यली ना रोज? मंग झालं," ते म्हणाले. "नऊ तारखेले साधनाबाई येऊन राह्यल्या. त्यांच्यापुढं असं काही बोलू नको."

तेव्हा मला कळलं की त्यांनी त्या लोकांना पुन्हा बोलावलं आहे.

मी देवश्रीला विचारलं, "तुला त्याच्याशी लग्न करायचंय?" ती नडगीवरचे व्रण तेलानं चोळत होती. कड्यांच्या तारांचे, बारीक गोल व्रण, एका ओळीत. "मले कोणी विचारलंच नव्हतं," ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "तू पण आत्ता विचारून राह्यली."

नऊ मेला, रविवारी, दुपारी चारला ते तिघं आले. रजत, साधनाबाई आणि रजतचे वडील. कूलर चालू होता. पोह्यांच्या बशा झाल्या. देवश्री काठी टेकत आली आणि बसायच्या आधीच साधनाबाईनं पर्समधून शिंप्याचा टेप काढला.

"राग नका मानू हं. एकदा पाहून घेतो, म्हणजे मनात राहत नाही."

मला वाटलं बाबा तिला घराबाहेर काढतील. बाबांनी टेपचं एक टोक धरलं.

त्यांनी देवश्रीला भिंतीशी उभं केलं. तिच्या डोक्यावर माझ्याच शाळेची पट्टी आडवी धरली. ती समोर बघत होती, माझ्याकडे नाही. मी म्हणाले, "हे काय चाललंय? बाजारात बैल आणलाय का आम्ही?" बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू घाण शब्द माझ्या तोंडून निघाला.

"चार फूट अकरा," साधनाबाई म्हणाली. "झाले तीन इंच."

रजत पहिल्यांदाच बोलला, हिंदीत. "थोड़ा चलके दिखा दीजिए. बिना छड़ी के."

कूलरचं पाणी ठिबकत होतं.

"हौ," देवश्री म्हणाली. "दाखवते."

तिनं काठी दाराच्या चौकटीला टेकवून ठेवली आणि ती व्हरांड्यात गेली. दारातून दोन पावलं दिसली, मग ती भिंतीआड झाली.

आम्ही सगळे ऐकत होतो. अनवाणी पाय, गार फरशी. मी मोजत होते.

चौदा. पंधरा.

रजतच्या वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला.

पंचवीस. तीस. आवाज घुमू लागला होता.

"बापरे," साधनाबाई कौतुकानं म्हणाली, "किती मोठा व्हरांडा आहे हो तुमचा!"

बाबा हसले नाहीत. तो व्हरांडा त्यांनी बांधला होता.

चाळीस.

आता ती थांबेल. आता वळेल.

एक्केचाळीस.

बेचाळीस.

पाऊल लंगडत नव्हतं. सरळ, हलकं पडत होतं.

मी उठू शकले असते. दार माझ्यापासून चार हातांवर होतं. पण समोर ती बाई टेपची गुंडाळी करत बसली होती, आणि मला वाटलं, जाऊ दे. जाऊ दे तिला.

एकशे बारापर्यंत मला मोजता आलं. पुढं ऐकू येईना.

मग मी उठले.

व्हरांडा रिकामा होता. जाळीला कुठं वाकलेलंही नव्हतं. फरशीवरच्या खडूच्या जुन्या रेघांवर ओली पावलं उमटली होती, लहान, टाचेवर नीट टेकलेली. ती भिंतीपर्यंत जात होती. शेवटचं पाऊल भिंतीच्या दिशेनं होतं आणि त्याचा पुढचा, बोटांचा अर्धा भाग फरशीवर नव्हता. मी बघत असतानाच ती सगळी वाळून गेली.

पोलीस आले. त्यांनी घर पाहिलं, जाळी हलवून पाहिली. मी सगळं सांगितलं, मोजमापासकट. "मैडम, लड़की किसी के साथ निकल गई है," त्यांच्यातला मोठा म्हणाला, "हम ऐसे केस रोज़ देखते हैं." मी त्याला म्हणाले की जिला पायरी चढताना घाम फुटतो ती पळेल कशी? त्यानं लिहायचं थांबवलं नाही. साधनाबाई, तिचा नवरा आणि रजत, तिघांनी जबाब दिला की आम्ही चहा घेत होतो, मुलगी मागच्या दारानं गेली. आमच्या घराला मागून बाहेर पडायचं दारच नाही. पावलं? पावलं कुणी ऐकली नव्हती. सही करण्याआधी साधनाबाईनं व्हरांड्याकडे वळून पाहिलं, ते माझ्या लक्षात आलं. तरी तिनं सही केली. पुढच्या मार्गशीर्षात रजतचं लग्न झालं.

केदारनं रशियातल्या त्या दवाखान्यात चौकशी केली. ती तिथं नव्हती. आणि क्लावा? जानेवारीतच वारली होती, देवश्री वॉर्डात असतानाच. देवश्रीनं पत्रात ते कधी लिहिलं नाही.

बाबांनी व्हरांडा तीन वेळा मोजला. एकवीस फूट. मग चैतराम मिस्त्रीला बोलावून भिंतीत हातभर भोक पाडलं. पलीकडे शेजाऱ्यांची शेळी बांधलेली होती. तिनं मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाला खाऊ लागली. चैतरामनं भोक बुजवलं.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. छापखान्यासमोरून जाताना अजून कुणी तरी मला विचारतं, "काही पता लागला का तिचा?" आणि विचारताना बारीक हसतं. मी थांबून उत्तर देते. प्रत्येकाला देते : माझी बहीण पळाली नाही. ती पाच माणसांच्या देखत चालत गेली.

बाबा दुपारी व्हरांड्यात चालतात. त्यांची नऊ पावलं होतात. भिंतीला तळहात लावतात, थोडा वेळ तसेच उभे राहतात, मग परत येतात. तासभर हे चालतं. मी त्यांच्याशी जेवणापुरतं बोलते. ते कधी म्हणाले नाहीत की माझं चुकलं, आणि मीही ते त्यांच्या तोंडून वदवून घेतलेलं नाही.

काल त्रेचाळीस डिग्री होतं. लाइन गेलेली, कूलर बंद. बाबांनी अडीचलाच आंघोळ केली, केस विंचरले, बूट घातले आणि व्हरांड्याकडे निघता निघता माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या कपाळावर घामाचा एक थेंब नव्हता.

"सुनीती," ते म्हणाले, "माझं लोकरीचं स्वेटर कुठं ठेवलं व? अन् कानटोपी?"

मी पेटी उघडली, डांबराच्या गोळ्या झटकल्या आणि दोन्ही काढून त्यांच्या हातात दिली.