मेतकुटाची डबी

सासूबाईंनी सांगलीहून पाठवलेलं मेतकूट संपलं, तेव्हा त्याची प्लास्टिकची डबी मी दोन-तीनदा धुतली आणि ओट्यावर पालथी घातली. जाड, चौकोनी, घट्ट झाकणाची डबी होती. वास काही गेला नाही. बॅटरीला वासाने फरक पडत नाही, असा विचार करून मी तीच घ्यायचं ठरवलं.

आयर्लंडमध्ये, मेनूथला येऊन आम्हाला दीड वर्ष झालं होतं. संग्राम, माझा नवरा, शेजारच्या लिक्सलिपला चिपच्या कारखान्यात इंजिनियर होता. मी फिजिक्समध्ये एमएस्सी केलेली, पुण्यात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकवणारी. इथे अजून नोकरी नव्हती. इकडे आल्यावर संग्रामने सिगारेट सोडली आणि ई-सिगारेट धरली. दुकानात मिळणारी नळी, संपली की फेकायची. मी तसली एक उघडून पाहिली. आत पुन्हा चार्ज होणारा, चांगला लिथियमचा सेल होता. एवढी वस्तू एकदा वापरून कचऱ्यात जाते, हे मला बघवेना. शिवाय त्या नळीत निकोटिन ठरलेलं असतं. आपण बनवलेल्या यंत्रात ते महिन्यागणिक कमी करता आलं असतं. संग्राम पुढच्या दिवाळीपर्यंत पूर्ण सोडेल, असा माझा हिशेब होता.

असलं काही मी आधी बनवलेलं नव्हतं. नवशिक्यांसाठीचे व्हिडिओ पाहिले आणि स्वस्तातली सोल्डरिंग गन मागवली. रचना सोपी होती. डबीत तीन सेल समांतर जोडायचे, एक फ्यूज, एक बटण आणि झाकणाला भोक पाडून त्यात द्रवाची टाकी फिरवून बसवायला पितळी आटा. बटण दाबलं की टाकीतली तार तापते आणि द्रवाची वाफ होते.

दोन सेल संग्रामच्या जुन्या नळ्यांतून निघाले. तिसरा मला कालव्याकाठी मिळाला. मी रोज सकाळी हार्बरपासून, म्हणजे कालव्यातल्या बोटींच्या धक्क्यापासून, पुढे चालत जाते. बदकांची जागा ओलांडली की एक लाकडी बाक आहे. त्या बाकाच्या बरोबर मधोमध एक नळी होती. कोणी फेकलेली नव्हती, ठेवलेली होती. रंग पार उडालेला. मी शेजारी बसले आणि लगेच उठले. ऑक्टोबर होता, थंडी फारशी नव्हती, पण लाकूड इतकं गार होतं की कोटातूनही लागलं. नळी मी रुमालात गुंडाळून घरी आणली.

मीटरवर त्या सेलच्या व्होल्टेजचा आकडा जवळजवळ शून्य आला. इतका खाली गेलेला सेल पुन्हा वापरायचा नसतो. तो मेलेला असतो आणि वर धोक्याचा. मला हे माहीत होतं. तरी टाकवेना. मध्ये एक रेझिस्टर घालून मी तो बाकीच्या दोघांना सावकाश जोडला. समांतर जोडलेल्या सेलमध्ये भरलेला रिकाम्याला देत राहतो, सगळ्यांची पातळी एक होईपर्यंत. दुपारी तिन्हींचा आकडा सारखा होता. तेव्हा मला आनंद झाला होता.

संग्रामला डबी फार आवडली. वाफेला मेतकुटाचा वास यायचा. ‘‘एमएस्सी फिजिक्स, आणि नवऱ्याला हुक्का भरून देतेय,’’ तो म्हणाला. ‘‘आमच्या कामावरचा डेक्लन, इकडच्या भाषेत युअर मॅन, तोपण अशीच एक मागतोय. विचारत होता, हा करी फ्लेवर कुठल्या दुकानात मिळतो.’’

नोव्हेंबरमध्ये तो घरात कोट घालून बसू लागला. हीटिंग चालू असायचं, खिडक्यांवर आतून वाफ धरायची, आणि हा कोटात. कामावरून आला की जिन्याशेजारचं हॉट प्रेस उघडायचा, गरम पाण्याच्या टाकीचं कपाट ते, आणि टॉवेलांच्या चळतीला कपाळ टेकून उभा राहायचा. वजन उतरलं नाही, भूक गेली नाही. फक्त प्रत्येक गोष्टीला थोडा जास्त वेळ लागायला लागला. विनोद ऐकून हसायलासुद्धा.

आमच्या ओळखीच्या चित्राताई डब्लिनच्या एका सरकारी हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहेत, मूळच्या मिरजेच्या. त्यांनी रक्त, थायरॉइड, हृदय, फुप्फुसं सगळं बघितलं. रिपोर्ट ग्रँड आहेत, म्हणाल्या, म्हणजे इथल्या बोलीत एकदम ठीक. मग मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, तुमच्या दोघांत काही झालंय का. नाही म्हटलं. कारखान्याने त्याला रजा दिली.

त्या आठवड्यात जेवताना माझ्या तोंडून सहज निघून गेलं.

‘‘डबी तू कामावरच चार्ज करायचास ना?’’

‘‘मी कुठे? मला वाटलं तू करतेस.’’

चार्जर खणात होता. त्याच्या वायरीची बांधणीसुद्धा सुटलेली नव्हती.

मी डबीवर मीटर लावला आणि संग्रामला एक झुरका घ्यायला सांगितलं. तार तापली, वाफ झाली, म्हणजे बॅटरीतून ऊर्जा गेली होती. आकडा थोडा तरी उतरायला हवा होता. तो थोडा चढला. मी मीटर बदलला, तारा तपासल्या, पुन्हा झुरका घ्यायला लावला. पुन्हा चढला.

डबी मी त्याच दिवशी उघडली. बाकावरचा सेल कापून वेगळा केला, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात वाळू घालून त्यात पुरला आणि मागच्या शेडमध्ये ठेवला. संग्रामने कुरकुर केली नाही. आता त्याला ओढायचीही इच्छा होत नव्हती. माझा हिशेब दिवाळीच्या कितीतरी आधी पूर्ण झाला होता.

त्याचं गार पडणं मात्र थांबलं नाही. शेडमधल्या सेलला कुठलीही तार नव्हती. तो पूर्ण भरलेला दाखवत होता आणि तसाच राहिला. भरलेला सेल आणखी घेत नाही. संग्राम रोज थोडा उतरत होता, ते कुठे जात होतं हे मला कळेना.

मग मी तो सेलच रिकामा करायचं ठरवलं. एका दुपारी स्वयंपाकघराच्या टेबलावर टॉर्चचा छोटा दिवा घेतला आणि सेलला जोडला. संग्राम समोर सोफ्यावर, पांघरूण घेऊन, सकाळी आलेल्या फोनबद्दल सांगत होता.

‘‘आई म्हणत होती, फेब्रुवारीत तिकीट...’’

दिवा लख्ख लागला. संग्राम थांबला. तोंड उघडंच, डोळे माझ्याकडे, पापणी हलत नव्हती. छातीही हलत नव्हती. मी तार ओढून काढली.

‘‘...स्वस्त मिळालं तर येते,’’ तो म्हणाला. ‘‘काय झालं? अशी काय बघतेस?’’

एका निरीक्षणावरून काही ठरवायचं नसतं. इतकी वर्षं मी मुलांना हेच शिकवलं होतं. मी तार पुन्हा टेकवली.

तो थांबला.

मी तार सोडली. त्याने श्वास घेतला आणि मेतकूट संपलंय हे आईला कळवलंय, असं सांगितलं. त्याचे ओठ मघापेक्षा पांढरे होते.

तिसऱ्यांदा मी तार टेकवली नाही.

सेल नष्ट करता येणार नव्हता. टाकता येणार नव्हता. पण भरलेला रिकाम्याला देतो, आणि घरात भरलेली आता मीच होते. त्याच संध्याकाळी मी तो पुन्हा डबीत बसवला, टाकीत थोडा द्रव घातला आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. मी आयुष्यात कधी काही ओढलेलं नव्हतं. पहिल्या झुरक्याला ठसका लागला. तोंडात मेतकुटाची चव आली. आणखी घेतले.

जेवणाच्या आधी संग्रामने कोट काढून खुर्चीवर टाकला. ‘‘आज बरं वाटतंय गं,’’ म्हणाला. ‘‘चित्राताईंच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या लागू पडल्या बहुतेक. चहा कर ना, आलं घालून.’’ मी चहा केला. कप दोन्ही हातांत धरला, तो गरम आहे हे जरा उशिरा कळलं.

तेव्हापासून मी रोज ओढते. त्याला माहीत आहे. आधी चिडला, मग डबी लपवली, मग मला थंडी वाजताना बघून हात माझ्या हातात देऊन बसून राहिला. दोघांचे हात एकसारखे गार होते. पातळी एक झाली होती.

आमच्यासारखे दोन सेल असले की उतार निम्मा होतो. थांबत नाही. हे गणित मला येतं. भरलेला सेल घेतच राहिला, तर त्याच्या पलीकडे आणखी काहीतरी जोडलेलं असतं, हेही येतं.

जानेवारीत एका सकाळी संग्रामला कालव्यावर जावंसं वाटलं. आम्ही सावकाश गेलो, हार्बरपाशी एकदा थांबलो. पाण्यावर बर्फाची साय धरली होती. गवत, कठडा, सगळं पांढरं होतं. बाकही पांढरा होता, फक्त मधोमध नाही. एक माणूस बसेल एवढी जागा कोरडी होती.

संग्रामने हातमोजा काढला आणि तिथे हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

‘‘इथे ऊब आहे,’’ तो म्हणाला.

मीही हात ठेवला. होती.

आम्ही दोघेही इतके गारठलो होतो, तरी तिथे कोणी बसलं नाही. तो एका टोकाला बसला, मी दुसऱ्या. बसमध्ये मधल्या सीटवर आधीच कोणी असलं की आपण बसतो तसे, अंग चोरून.

डबी घरी होती, हॉट प्रेसमध्ये, टॉवेलांच्या मागे. आमच्या मधून मेतकुटाचा वास येत होता.