वाचून दाखवला, बरोबर आहे

गणपती जाऊन आठवडा झाला होता आणि पाऊस आता पाहुण्यासारखा येत होता. आला, चहापुरता टेकला, गेला. अशाच एका सरीत एक उंच माणूस समीक्षाच्या दुकानात शिरला, तो शर्टाच्या आत हात घालूनच. छातीशी काहीतरी जपून आणलं होतं त्यानं. समीक्षाला वाटलं, मांजराचं पिल्लू असणार.

निघाली नोटीस.

"भिजली नाही," तो स्वतःशीच म्हणाला आणि त्यानं ती टेबलावर ठेवली. त्याच्या केसांतून पाणी निथळत होतं; कागद मात्र कोरडा होता, आणि उबदार. "खुलासा लिहून पाहिजे. लोक म्हणाले, कचेरीसमोर आप्पांची मुलगी बसते, तिच्या हातचा अर्ज परत येत नाही."

"लोक काय, काहीही म्हणतात," समीक्षा म्हणाली. पण मान जरा ताठ झाली तिची.

दहा बाय आठचा गाळा, एक कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि वडिलांनी तीस वर्षांत जमवलेले अर्जांचे नमुने, एवढंच तिचं राज्य. आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हापासून ते तिच्याकडे आलं होतं.

"नाव?"

"ऋत्विक भाटकर. हॉटेल मोरी, मिरकरवाडा."

कीबोर्डवरची तिची बोटं थांबली.

"हसा. सगळे हसतात," तो म्हणाला. "मोरी मासा आहे हो. आजीनं ठेवलेलं नाव. आमची मोरीची आमटी खायला लोक दापोलीहून येतात."

"कचेरीत वाटेल, न्हाणीघराच्या सांडपाण्याची तक्रार आहे," ती म्हणाली. तोंडाला सवय होती म्हणून म्हणाली. हसू काही आलं नव्हतं. हॉटेल मोरी हे नाव तिनं यापूर्वी एकदा टाइप केलं होतं.

नोटिशीच्या मागे तक्रारअर्जाची प्रत टाचलेली होती. आपल्या हातचं लोणचं जिभेला कळतं, तसा तो अर्ज तिला कळला. तोच समास, तीच अक्षरं. खाली यमुनाबाईंचा अंगठा.

"हे ऐका," ऋत्विक वाचू लागला. "'सदर ठिकाणी रात्री-अपरात्री मद्यपी व अनोळखी इसमांचा वावर असून महिलावर्गास जाणे-येणे असुरक्षित झाले आहे.' मद्यपी? माझ्याकडे सोलकढीपेक्षा कडक काही मिळत नाही. आणि इसम म्हणजे कोण, तर बोटीवरचे खलाशी. दहा दहा दिवस समुद्रात काढून येतात, गरम भात मागतात. आता म्हणे रात्री दहाला बंद करा. अहो, दहाला तर बोटी धक्क्याला लागायला लागतात."

"सध्या किती वाजेपर्यंत आहे?"

"एक वाजेपर्यंत. बाबांपासूनची परवानगी. पुढच्या बुधवारी सुनावणी. ती गेली की हॉटेल गेलं. दिवसा कोण येतं तिथे, मांजरं." त्यानं प्रत टेबलावर ठेवली, आणि मग हळू म्हणाला, "यमुनाबाई आजीच्या मैत्रीण होत्या. मी त्यांच्या ओटीवर जेवून लहानाचा मोठा झालो. दोन महिने झाले, त्यांच्या खिडकीकडे मान वर करून बघवत नाही मला. असं कसं लिहवलं असेल हो त्यांना?"

समीक्षानं प्रिंटरमधले कागद उगाच सारखे केले.

"लिहिणारं... कोणीतरी लिहितं," ती म्हणाली.

श्रावणातली गोष्ट. दुकान बंद करायच्या वेळी यमुनाबाई आल्या होत्या. त्यांचं म्हणणं एवढंच, की हॉटेलवाले रात्री एक वाजता त्यांच्या खिडकीखाली टोप घासतात आणि दगडावर आपटतात, डोळा लागत नाही. एवढ्याशा तक्रारीनं कचेरीतलं पान उलटत नाही, हे समीक्षा लहानपणापासून ऐकत आली होती. आप्पा म्हणायचे, अर्जाला फोडणी लागते. तिनं नमुन्यातलं वाक्य उचललं आणि टाकलं. कुठल्यातरी बारच्या विरोधात आप्पांनी कधीकाळी घडवलेलं वाक्य होतं ते, त्यांच्या लाडाचं. आणि शेवटी नेहमीची ओळ: 'सदर अर्ज मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे.'

त्या ओळीखाली यमुनाबाईंनी अंगठा उठवला. वाचून मात्र दाखवलाच नव्हता. साडेपाच झाले होते, म्हातारीची गाडी चुकली असती.

"तुम्हाला बरं नाही का?" ऋत्विक विचारत होता. "घाम आलाय."

"पाऊस थांबला की उकडतंच," ती म्हणाली.

सांगायचं होतं तिला. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण भीतीचं एक असतं, पहिला क्षण चुकवला की ती बस्तान मांडते.

मग तो येतच राहिला. खुलाशाला जोडायला जुना परवाना हवा, म्हणून एकदा. शेजाऱ्यांची पत्रं हवीत, म्हणून एकदा. तिसऱ्या दिवशी काहीच नको होतं. त्यानं टेबलावर डबा ठेवला.

"हे कशाला?"

"पुरावा. मोरीची आमटी. खाल्ल्याशिवाय खुलासा पटणारा कसा लिहाल?"

"लाच म्हणतात याला, भाटकर."

"मग पावती द्या."

तिनं डबा उघडला. तिरफळाचा वास गाळाभर झाला. झेरॉक्स काढायला आलेल्या एका गृहस्थानं आपला सातबारा विसरून वर पाहिलं. ऋत्विक दाराच्या चौकटीला टेकून तिच्या पहिल्या घासाकडे बघत उभा होता, निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा.

"मीठ?" त्यानं विचारलं.

"बेताचं."

"एवढंच?"

"फोडणी न देता बोलायला शिकतेय," ती म्हणाली. तो हसला. हसताना त्याच्या एका गालाला बारीकशी घडी पडायची. समीक्षानं ती पाहिली आणि पुढचा घास डब्यातच ठेवला. हा माणूस येत्या बुधवारनंतर आपल्याकडे कसा बघेल... बघेल तरी का?

रात्री तिला स्वप्नं पडू लागली. स्वप्नात ती अर्ज वाचून दाखवत असे, आणि प्रत्येक ओळीला ऋत्विक एक एक पाऊल मागे सरकत असे.

सोमवारी दुकान लवकर बंद करून ती यमुनाबाईंकडे गेली. त्या ओटीवर बसून सुकट निवडत होत्या. समीक्षानं खाली बसून सगळा अर्ज वाचून दाखवला. दोन महिने उशिरा.

त्या वाक्यापाशी यमुनाबाईंचा हात थांबला.

"मद्यपी म्हंजे काय गो?"

"दारुडे."

"मी कुठं बोलले असं?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "मी टोपांचं बोलले. तरीच तो पोरगा तोंड फिरवून जातो. मला वाटलं, मोठा झाला, माज आला." त्यांनी पदरानं हात पुसले. "आता काय करू बाय? तिथं खोटं म्हटलं, तर अंगठा माझा. खरं म्हटलं, तर तो पोरगा धंद्यातून उठला. दोन्हीकडून मीच काळी."

"तुम्ही काही करू नका," समीक्षा म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "मी सांगते."

"तुला काय करतील?"

ते तिलाही ठाऊक नव्हतं.

घरी आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग डोळे मिटून घेतले. मोतीबिंदूवाल्या माणसाला डोळे मिटायची काय गरज, पण मिटले.

"वाक्य माझं आहे," शेवटी ते म्हणाले. "तिथं माझं नाव सांग. माझं आता कोण काय घेणार?"

"वाक्य तुमचं, आप्पा. पण टाकलं मी."

"गिऱ्हाईक तुटेल, समी."

"माहीत आहे."

"आणि तो आमटीवाला?"

समीक्षा उठून पाणी प्यायला गेली. म्हाताऱ्याला दिसत नव्हतं असं कोण म्हणेल.

बुधवारी सुनावणीच्या खोलीत पंखा होता, पण वारा नव्हता. टेबलामागे अधिकारी बाई, एका बाजूला फाईल पोटाशी धरून ऋत्विक, दुसऱ्या बाजूला पदर सारखा करणाऱ्या यमुनाबाई. समीक्षा दारापाशी उभी होती. ऋत्विकनं तिला पाहिलं आणि मान हलवली. त्याला वाटलं, आपल्याला धीर द्यायला आली. त्या मान हलवण्यानं तिचा उरलासुरला धीरही गेला.

अधिकारी बाईंनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं. "पोलिसांचा अहवालही याच मुद्द्यावर आहे. आजी, हे तुमचं म्हणणं आहे?"

यमुनाबाईंनी दाराकडे पाहिलं.

"त्यांचं नाही," समीक्षा म्हणाली. "माझं आहे."

सगळ्या माना वळल्या. तिनं फक्त टेबलाकडे पाहायचं ठरवलं होतं. एका मानेकडे पाहायची तिची छाती नव्हती.

"तुम्ही कोण?"

"समोर टायपिंगचं दुकान आहे माझं. हा अर्ज मी टाइप केला. यमुनाबाई फक्त भांड्यांच्या आवाजाबद्दल बोलल्या होत्या. हे वाक्य मी नमुन्यातून घातलं, आणि त्यांना वाचून न दाखवता अंगठा घेतला."

"तुम्हाला कळतंय, तुम्ही काय सांगताय ते?"

"हो. म्हणून तर पाय कापतायत."

कोणी हसलं नाही. अधिकारी बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांनी बरंच सुनावलं, आणि ते ऐकण्यासारखंच होतं. तिचा लेखी जबाब मागितला. मग यमुनाबाईंकडे वळून विचारलं, "आजी, तुमचं स्वतःचं म्हणणं काय?"

"टोप आपटू नका म्हणावं. बाकी पोरगा चांगला आहे."

ते वाक्य वगळायचं, पोलिसांनी पुन्हा पाहणी करायची, तोवर रात्री एकची वेळ चालू ठेवायची, आणि दहानंतर भांडी आत, दार लावून घासायची, असं ठरलं. ऋत्विकनं हात जोडले. मग फाईल घेऊन तो दाराकडे आला. समीक्षा तिथेच होती. तो तिच्या अगदी जवळून गेला, इतका की फाईलमधल्या कागदांचा वास आला. पण थांबला नाही.

आठ दिवस तो आला नाही.

बातमी मात्र सगळीकडे गेली. लोक आता अर्ज दोनदा वाचून घेत. एक बाई तर चष्मा विसरला म्हणून घरी जाऊन परत आली. समीक्षा प्रत्येकाला संथपणे, शब्द शब्द वाचून दाखवी आणि दारात सावली पडली की मान वर करी. सावली नेहमी दुसऱ्याच कुणाची असे. चार गिऱ्हाइकं तुटली, त्याचं तिला वाईट वाटलं. पण रात्री झोप उडाली ती त्यासाठी नव्हे.

नवव्या दिवशी दुपारी ती स्वतःच मिरकरवाड्याला गेली. बर्फाच्या गाड्या, जाळी विणणारे, कोळणींचा कलकलाट, यांतून वाट काढत ती हॉटेलच्या पायरीपाशी पोचली आणि तिथेच खिळली. आत कोणी नव्हतं. ऋत्विक एकटाच टेबलं पुसत होता.

"बंद आहे," तो वर न बघता म्हणाला. मग त्यानं पाहिलं.

"भाटकर..."

"माझ्यासमोर बसून तुम्ही माझा खुलासा लिहीत होता," तो म्हणाला. राग नव्हता त्याच्या आवाजात, तेच वाईट होतं. "माझी आमटी खात होता. आणि मी तुम्हाला विचारत होतो, असं कसं लिहवलं असेल."

"भीती वाटत होती."

"कशाची? कचेरीची? दुकानाची?"

"ती नंतर वाटली. आधी वाटली ती... सांगितलं तर तुम्ही परत येणार नाही, याची."

फडकं थांबलं.

"सांगितलंत, आणि मी आलोच नाही," तो हळूच म्हणाला. "रोज निघत होतो. कचेरीच्या नाक्यापर्यंत येऊन परत जात होतो. काय बोलायचं तेच कळेना. तुम्ही मला बुडवत होता आणि तुम्हीच वाचवलंत. अशा माणसाशी भांडायचं कसं?"

"भांडा. मी उभी आहे."

"आता कशाची भीती वाटतेय?"

तिनं पायरीचा जांभा नजरेनं कोरून काढला. एवढे अर्ज लिहिले आयुष्यात, सगळे दुसऱ्यांचे. स्वतःसाठी काही मागायची वेळ आली तर एक नमुना आठवेना.

"मला तुम्ही... तू आवडतोस," ती म्हणाली, इतक्या हळू की शब्द ओठांच्या बाहेर आले की नाही, तेही तिला कळलं नाही.

शेजारच्या घराची वरची खिडकी करकरली.

"काय ते जरा मोठ्यानं बोल गो," यमुनाबाई म्हणाल्या. "इथं काय ऐकू येत नाय."

समीक्षाचे कान तापले. ऋत्विकनं अडीच महिन्यांत पहिल्यांदा त्या खिडकीकडे मान वर करून पाहिलं. मग तिच्याकडे. गालाला ती बारीकशी घडी पडली.

"मलाही ऐकू नाही आलं," तो म्हणाला.